संगणकाचे गणित आणि नावांचा घोटाळा



आजचा विषय संगणकाचा असला तरी आरंभ मी मुंबईच्या प्लेगापासून करणार आहे. श्रोत्यांचे लक्ष वेधावे एवढाच त्यात हेतू नाही. मला जी चूक दाखवायची आहे ती ज्या गणितात सहज घडते, त्या गणिताच्या इतिहासातच मुंबईच्या प्लेगाचे आकडे आहेत. १८९६ साली हा रोग मुंबईत शिरला आणि पुढे वर्षानुवर्षे परतून येत राहिला. त्यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला किती माणसे प्लेगाने दगावली, याची नोंद झालेली होती. १९२७ साली विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या दोघा स्कॉटिश संशोधकांनी साथीच्या रोगांचे गणित मांडणारा एक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वृत्तांतात छापला, आणि आपली वक्ररेषा प्रत्यक्षाशी कशी जुळते हे दाखवण्यासाठी हेच मुंबईचे आकडे घेतले. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेली, त्यामुळे या निबंधातील सारी चिन्हे त्यांना डोळ्यांनी नव्हे, तर मनात धरूनच हाताळावी लागली. प्लेग माणसाकडून माणसाकडे जाण्यापेक्षा उंदीर आणि पिसवा यांच्या मार्फत पसरतो, म्हणून त्या जुळणीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण गणिताचा सांगाडा टिकला, आणि २०२० च्या साथीत जगभर तोच, नाना दुरुस्त्यांसह, वापरात होता.

हा सांगाडा फार सोपा आहे. गावातील माणसांचे तीन भाग करा: ज्यांना रोग अजून झालेला नाही ते, ज्यांना झालेला आहे ते, आणि जे त्यातून बाहेर पडले ते. रोज नवे रोगी किती होतील, हे पहिल्या आणि दुसऱ्या भागातील माणसांच्या गाठीभेटींवर अवलंबून. त्याचा जो दर असतो त्याला आज बीटा म्हणतात. रोज बरे किती होतील, हे आजारी किती आहेत त्यावर अवलंबून. त्या दराला गॅमा म्हणतात. रोगी सरासरी पाच दिवसांत बरा होत असेल तर गॅमा म्हणजे एक पंचमांश, ०.२. आता बीटा ०.३ धरा. बीटाला गॅमाने भागले की येतात १.५, म्हणजे आरंभी एक रोगी सरासरी दीड नवा रोगी निर्माण करतो. हा भागाकार एकाहून मोठा असेल तर साथ पसरते, लहान असेल तर विझते. १.५ असेल आणि गावात कोणालाही आधीची प्रतिकारशक्ती नसेल, तर हिशेबाप्रमाणे साथ संपेपर्यंत शेकडा ५८ माणसे आजारी पडून जातात. लाखाच्या गावात अठ्ठावन्न हजार. खाटा किती मांडायच्या, शाळा बंद ठेवायच्या की नाही, हे ठरवणारा माणूस या भागाकाराकडे डोळे लावून बसलेला असतो. म्हणून हा भागाकार चुकला तर काय, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा राहत नाही.

हे गणित संगणकावर मांडताना बीटा, गॅमा, लोकसंख्या, आरंभीचे रोगी, किती दिवसांचा हिशेब करायचा, अशा दहावीस संख्या लागतात. त्या सुट्या सुट्या हाती बाळगणे कठीण. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे त्या एकत्र बांधून ठेवतात. त्या बांधणीला स्ट्रक्चर म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा. एकच डबा, आत निरनिराळ्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत एकेक जिन्नस. स्ट्रक्चरमध्ये या वाट्यांना रकाने म्हणू. फरक इतकाच, की येथे प्रत्येक वाटीवर नाव लिहिलेले असते, आणि डब्याचे नाव, मग एक टिंब, मग वाटीचे नाव, असे लिहिले म्हणजे ती वस्तू मिळते: प्राचले.बीटा, प्राचले.गॅमा. डबा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला सोपा, कोणाच्या हाती द्यायला सोपा, त्यात एखादी वाटी वाढवली तरी कोणाची तक्रार नाही. व्यवस्था उत्तम आहे.

मग अडचण कोठे येते? ती येते सूत्र लिहिताना. पुस्तकात सूत्र असते: बीटा गुणिले निरोगी गुणिले आजारी, भागिले लोकसंख्या. डब्यातून काढून लिहायचे तर प्रत्येक अक्षरामागे 'प्राचले' आणि टिंब यांची शेपटी लागते. ओळ कागदाबाहेर जाते, आणि पुस्तकातील सूत्राशी ताडून पाहणे जिकिरीचे होते. सूत्र पुस्तकासारखे दिसावे ही इच्छा आळसाची नाही, हे मी मुद्दाम सांगतो. जे ताडून पाहता येत नाही त्यातली चूक सापडत नाही. म्हणून वाट्यांतील जिन्नस आधी ओट्यावर काढून घ्यावे आणि मग स्वयंपाकाला लागावे, ही रीत पडली. ओट्यावर काढलेल्या त्या सुट्या नावांना चल म्हणतात. डबा उघडून चल काढणे, याचाच आज विचार करायचा आहे. आणि तो उघडायच्या दोन वाटा फसव्या आहेत.

पहिली वाट अशी, की डब्यात जे काही असेल ते सगळे एकदम ओट्यावर ओतावे. यासाठी लोकांनी छोटी यंत्रे करून ठेवलेली आहेत: डब्यातील नावे एकामागून एक वाचायची, आणि प्रत्येक नावाचा चल तेथल्या तेथे निर्माण करायचा. एका ओळीत काम. लिहिणाऱ्याला आपण काहीतरी चतुराई केली असे वाटते. मॅटलॅब या भाषेत हा मोह फार होतो. ही भाषा क्लीव्ह मोलर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात, विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न शिकता मॅट्रिक्सची गणिते करता यावीत, म्हणून तयार केली. १९८४ साली तिच्याभोवती कंपनी उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी जन्मलेली भाषा असल्यामुळे तिचा स्वभाव सौजन्याचा आहे. ती फारसे प्रश्न विचारत नाही. साठवलेली फाइल उघडली की तिच्यातील सारी नावे आपोआप ओट्यावर येऊन बसतात. पण याच सौजन्यातून घोटाळा कसा होतो ते पाहा.

मॅटलॅबमध्ये बीटा आणि गॅमा ही दोन नावे आधीच घेतलेली आहेत. ऑयलरच्या काळापासून गणितात त्या नावांची दोन फंक्शने प्रसिद्ध आहेत, आणि ती भाषेत तयार मिळतात. शिवाय या भाषेत यादीतील दुसरी संख्या मागायची असो किंवा फंक्शनला दोन ही संख्या द्यायची असो, दोन्ही ठिकाणी एकच गोल कंस वापरतात. फोर्ट्रानमध्येही हीच रीत आहे. तेव्हा 'गॅमा, कंसात दोन' या लिखाणाचे दोन अर्थ संभवतात: गॅमाच्या यादीतील दुसरी संख्या, किंवा दोन या संख्येचे गॅमा फंक्शन. कोणता अर्थ घ्यायचा हे भाषा कशावरून ठरवते? प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वी ती पान वाचून पाहते. पानावर कोठेतरी 'गॅमा बरोबर अमुक' असे लिहिलेले दिसले, तर गॅमा हा चल. तसे कोठेच दिसले नाही, तर ते फंक्शन. आणि ओतण्याच्या यंत्राने चल काढला असेल, तर पानावर तसे कोठेच लिहिलेले नसते! गॅमा डब्यात आहे हे आपल्याला माहीत. भाषेने डबा अजून उघडलेलाही नाही. मॅटलॅबच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत फाइल उघडण्याच्या संदर्भात ही सूचना दिलेली आहे, आणि असा घोटाळा नेहमी करणारी आय, जे, मोड, साइझ, पाथ अशी नावेही तेथे आहेत.

आता गावाचे तीन गट करा: मुले, प्रौढ आणि वृद्ध. मुले चार दिवसांत बरी होतात, प्रौढ पाच, वृद्ध आठ. म्हणजे गॅमाच्या यादीत ०.२५, ०.२ आणि ०.१२५ अशा तीन संख्या आहेत. बीटाचीही अशीच यादी. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक गट आपापल्यातच मिसळतो असे धरू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने डबा ओतला आणि प्रोग्रॅम चालवला. पहिल्याच फटक्यात प्रोग्रॅम अडतो. बीटा फंक्शनला दोन संख्या लागतात, आपण एकच दिली, म्हणून ते तक्रार करते. गृहस्थ थोडा वैतागतो, बीटापुरती एक ओळ हाताने लिहितो, 'बीटा बरोबर प्राचले.बीटा', आणि पुन्हा चालवतो. आता प्रोग्रॅम सुरळीत चालतो. आलेखही सुरेख निघतो. गृहस्थ निश्चिंत होतो.

पण गॅमा फंक्शनला एकच संख्या पुरते. त्याने तक्रार करण्याचे कारण नाही. पूर्ण संख्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर म्हणजे एकाने कमी असलेल्या संख्येचा क्रमगुणाकार. तेव्हा एकाचे गॅमा एक, दोनाचे एक आणि तिनाचे दोन. प्रोग्रॅमच्या दृष्टीने मुले एका दिवसात बरी होतात, प्रौढही एका दिवसात, आणि वृद्ध मंडळी तर अर्ध्या दिवसात खडखडीत! प्रौढांचा भागाकार ०.३ भागिले ०.२, म्हणजे दीड, असायला हवा होता, तो ०.३ भागिले १, म्हणजे ०.३ निघतो. साथ येणारच नाही, खाटांची गरज नाही. प्रोग्रॅम अडखळत नाही, लाल अक्षरे उमटत नाहीत, उत्तर अशक्य कोटीतले वाटावे असेही काही दिसत नाही. विझत जाणारी साथ ही दिसायला अगदी सुसंगत वक्ररेषा असते.

कोणी म्हणेल, मॅटलॅबच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत हे बारकावे थोडे बदलत आले असतील. कबूल. पण डब्यात गॅमा या नावाचे लेखन कोणी एका काना-मात्रेने चुकवलेले असेल, तर कोणत्याही आवृत्तीत हेच घडेल. ओतणारे यंत्र चुकलेल्या नावाचा चल प्रामाणिकपणे ओट्यावर मांडून ठेवील, त्याला कोणी हात लावणार नाही, आणि सूत्रातले गॅमा पुन्हा ऑयलरच्या दारी जाईल. नावे कोणती असावीत हे ठरवण्याचा अधिकार आपण डबा भरणाऱ्याला देऊन टाकला, हे दुखण्याचे मूळ आहे. डबा भरणारा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्याच कामासाठी तो भरत असतो. आपल्या सूत्रात कोणती नावे आहेत, हे त्याला ठाऊक नसते.

दुसरी फसवी वाट क्रमाची. येथे नावे आपण लिहितो, पण वस्तू ओळीने घेतो: पहिल्या वाटीतले ते बीटा, दुसऱ्या वाटीतले ते गॅमा. मॅटलॅबमध्ये रकान्यांचा क्रम म्हणजे ते ज्या क्रमाने भरले तो क्रम. एखाद्याने पुढच्या वर्षी डबा भरताना गॅमा आधी लिहिला आणि बीटा नंतर, तर त्याच्या दृष्टीने काहीच बदललेले नाही. नावे तीच, संख्या त्याच. आपल्याकडे मात्र मिठाच्या जागी साखर येते. बीटा ०.२ आणि गॅमा ०.३ झाले, भागाकार ०.६७ आला, आणि साथ पुन्हा एकदा कागदावर विझली. ही चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती सापडायला मला तीन दिवस लागले. कारण मी सूत्रच तपासत बसलो होतो, आणि सूत्र निर्दोष होते.

या चुकीची वंशावळ जुनी आहे. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये फोर्ट्रान तयार केली. पुढच्याच वर्षी तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमचे निरनिराळे भाग एकच स्मृतिस्थान वापरू शकतील अशी 'कॉमन' नावाची सोय आली. त्या सामाईक जागेत वस्तू केवळ क्रमाने ओळखल्या जात. एका भागात तिसऱ्या जागेला वेग म्हणावे, दुसऱ्यात तिलाच दाब म्हणावे, भाषेची हरकत नसे. दोन पिढ्यांतील अभियंत्यांनी त्याची किंमत मोजली. आणि तरी आजच्या नव्या भाषांतही तो फासा शिल्लक आहे. ज्युलिया नावाची गणितासाठीच घडवलेली एक भाषा आहे. २०१२ साली ती लोकांपुढे आली. तिच्यात नावे दिलेल्या वस्तूंचा एक जुडगा असतो. डावीकडे 'बीटा, गॅमा' असे लिहून उजवीकडे तो जुडगा ठेवला, तर वस्तू क्रमाने मिळतात. पण डावीकडे कंस घालून आरंभी एक अर्धविराम दिला, तर त्याच वस्तू नावाने मिळतात. ही सोय २०२१ च्या १.७ या आवृत्तीत आली. एका अर्धविरामावर साथ येणार की नाही हे अवलंबून! आपल्या व्याकरणाच्या शिक्षकांना हे ऐकून समाधान वाटेल.

इतर भाषांचे थोडक्यात सांगतो. पास्कल या भाषेत 'विथ' म्हणून एक शब्द आहे: एकदा डब्याचे नाव सांगितले, की तेवढ्या परिच्छेदात शेपटी न लावता रकान्यांची नावे लिहिता येतात. पण पुढे कोणी डब्यात नवा रकाना घातला, आणि त्याचे नाव आपल्या एखाद्या जुन्या चलाचेच असले, तर आपला चल बाजूला पडून डब्यातला रकाना त्याच्या जागी बसतो. आपण तर एक अक्षरही बदललेले नसते. जावास्क्रिप्टमध्ये असाच शब्द होता. २००९ च्या प्रमाणात कडक शिस्तीच्या प्रोग्रॅमांत त्याला बंदी झाली. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या ग्रंथातील सारी नावे एकदम ओतून घेणे फंक्शनच्या आत चालत नाही. संख्याशास्त्रज्ञांच्या आर या भाषेत 'अटॅच' ही आज्ञा तक्त्याचे स्तंभ सुटे करून देते. पण ती प्रत असते, मूळ तक्ता नव्हे.

या प्रतीच्या गोष्टीकडे जरा लक्ष द्या, कारण ती सावधपणे डबा उघडणाऱ्यालाही फसवते. बीटा ओट्यावर काढून घेतला, म्हणजे त्याची एक प्रत तयार झाली. पुढे साठाव्या दिवशी शहरात निर्बंध लागले असे धरून आपण डब्यातील बीटा निम्मा केला, तर ओट्यावरचा बीटा जुनाच राहतो, आणि निर्बंधांचा काही उपयोग झाला नाही असा निष्कर्ष निघतो. म्हणून काढून घेण्याचे काम जेथे वापर आहे तेथेच, लहानशा फंक्शनच्या आरंभी, आणि दर वेळी नव्याने करावे. फंक्शन संपले की ओटा पुसला जातो.

मग योग्य रीत कोणती? ती अगदी साधी आहे. फंक्शनच्या आरंभी, जेवढी नावे खाली सूत्रात लागणार आहेत तेवढीच, हाताने, एकेका ओळीत लिहावी: बीटा बरोबर प्राचले.बीटा, गॅमा बरोबर प्राचले.गॅमा, लोकसंख्या बरोबर प्राचले.लोकसंख्या. फाइल उघडायची असेल तर तीही आधी एका डब्यात घ्यावी, मॅटलॅबमध्ये तशी सोय आहे, आणि मग वरच्याप्रमाणे काढावी. आता 'गॅमा बरोबर' हे शब्द पानावर आहेत, म्हणून भाषेला संशय उरत नाही. नाव चुकले असेल तर असा रकानाच नाही, असे ती त्या ओळीवर सांगते. क्रम बदलला तरी बिघडत नाही. डब्यात उद्या पन्नास रकाने वाढले तरी आपल्या ओट्यावर तीनच वस्तू येतात. त्याखाली आणखी दोनतीन ओळी तपासणीच्या घालाव्यात: दर शून्याहून मोठे आहेत ना, गॅमाच्या यादीत तीनच संख्या आहेत ना.

एक कच्चा दुवा मात्र यातही आहे. मॅटलॅब रकाना वाचताना जागी असते, भरताना झोपलेली असते. नसलेला रकाना मागितला तर ती अडवते. पण नसलेल्या रकान्यात संख्या भरली तर निमूटपणे नवा रकाना तयार करते. तेव्हा डबा भरताना नाव चुकले, आणि जुना बरोबर नावाचा रकानाही तेथेच राहिला, तर वाचणाऱ्याला जुनी संख्या मिळेल. ज्युलियामध्ये रीतसर घोषित केलेल्या स्ट्रक्चरला असा आगंतुक रकाना लावता येत नाही, आणि या एका बाबतीत मला तिची शिस्त अधिक आवडते.

आक्षेप येतो तो असा, की माझ्या डब्यात चाळीस रकाने आहेत, मी चाळीस ओळी लिहू काय? माझे उत्तर असे, की एका सूत्राला चाळीस नावे लागत असतील तर ते सूत्र फोडण्याची वेळ झाली आहे. आणि चाळीसांपैकी सहाच लागत असतील तर सहा ओळी पुरेत. ज्यांना तेवढेही जड वाटते त्यांनी डब्याचे नाव एका अक्षराचे ठेवावे आणि शेपटीसह सूत्र लिहावे. कुरूप दिसेल, पण त्यात घोटाळा नाही. चाळीस ओळी टंकायला दहा मिनिटे लागतात. माझे तीन दिवस मी वर सांगितलेच आहेत.

आपल्या हाती दुसऱ्याचा प्रोग्रॅम आला, आणि त्यात डबा कसा उघडला आहे हे चटकन कळत नसले, तर एक परीक्षा करून पाहावी. डब्याची एक प्रत घ्यावी, तिच्यातून गॅमाचा रकाना काढून टाकावा, आणि प्रोग्रॅम चालवावा. हाताने ओळी लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या क्षणालाच थांबतो आणि कोणता रकाना सापडला नाही ते नावानिशी सांगतो. क्रमाने घेणारा कधी थांबतो, कधी शेजारची संख्या उचलून पुढे जातो. आणि सगळे ओतून घेणारा प्रोग्रॅम गॅमाशिवायच शेवटपर्यंत चालतो, आलेख काढतो, आणि त्या आलेखात वृद्ध मंडळी अर्ध्या दिवसात बरी होऊन उठलेली दिसतात.